यंत्राला लिक्विड आणि हाताला पावडर?

आपल्या संघाच्या वार्षिक स्मरणिकेसाठी लेख द्यावा, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली तेव्हा मी प्रथम संकोचलो. एस.एस.एल.सी.च्या पलीकडे माझी मजल गेली नाही. पुढील सारे शिक्षण बेळगावच्या रविवार पेठेत, ज्वारी-गव्हाच्या पोत्यांमध्ये, वडिलांच्या हाताखाली झाले. धान्याच्या भावाविषयी लिहावे, तर स्मरणिका छापून होईपर्यंत ते भाव शिळे होतात. म्हणून प्रत्येक घरात रोज घडणाऱ्या, परंतु आपण पुरुषमंडळी ज्याकडे सहसा पाहत नाही, अशा एका व्यवहाराविषयी लिहिण्याचे धाडस करीत आहे. तो व्यवहार म्हणजे कपडे धुण्याचा. कपडे पावडरीने धुवावेत की लिक्विडने, हा प्रश्न आज घरोघरी निघतो, आणि आपल्यापैकी ज्यांची किराणा मालाची दुकाने आहेत त्यांना तो गिऱ्हाईकही विचारते.

विषय क्षुल्लक आहे असे म्हणून पान उलटू पाहणाऱ्या बंधूंना माझी एवढीच विनंती आहे, की त्यांनी घरातील धुणे धुणाऱ्या व्यक्तीचे हात एकदा उजेडात पाहावेत. मी ते पाहण्यास चाळीस वर्षे उशीर केला.

प्रसंग असा घडला. काही वर्षांपूर्वी धाकट्या चिरंजीवांनी घरात समोरून दार उघडणारे वॉशिंग मशीन आणले, आणि त्याबरोबर सूनबाईंनी लिक्विडची बाटली आणली. पेढीवरून परतताना माझ्या सदऱ्या-लेंग्यांना बारदानाचे तूस आणि धान्याची धूळ असते. ती नव्या यंत्रात जाऊ नये, म्हणून माझे कपडे पूर्वीप्रमाणेच मागील दारच्या दगडावर राहिले आणि ते धुण्याचे काम माझ्या पत्नीकडेच राहिले. अशा रीतीने एका छपराखाली दोन खाती झाली. यंत्रासाठी लिक्विड, आणि दगडासाठी पावडर. लिक्विड चिरंजीव आणीत. पावडर मी आणी. ती सुटी, वजनावर मिळणारी, नाव न छापलेल्या पिशवीतली असे. कारण ती सर्वांत स्वस्त पडे.

आमच्या बालपणी हा प्रश्नच नव्हता. आई ५०१ बार आणि धुण्याचा सोडा वापरी, रेशमी वस्त्रांना रिठे लावी आणि पांढऱ्या कपड्यांना शेवटी नीळ देई. हिंदुस्थान लिव्हर कंपनीने १९५९ साली सर्फ पावडर या देशात आणली. परंतु सामान्य घरांना ती महाग होती. १९६९ साली अहमदाबादेत करसनभाई पटेल यांनी घरीच पावडर तयार करून सायकलवरून विकण्यास प्रारंभ केला, आणि निरमा या नावाने ती पिवळी पावडर पुढे देशभर पोचली. भारतीय व्यापाराच्या इतिहासातील हे एक अभिमानास्पद प्रकरण आहे. पावडरीने गृहिणींचे कष्ट कमी केले, यात शंका नाही. साबण जड पाण्यात साक्याप्रमाणे फुटतो. पावडर तशी फुटत नाही. मात्र वडी कपड्यावर घासली जाई, आणि पावडर बादलीत विरघळवल्यावर हात कोपरापर्यंत तिच्या पाण्यात राहू लागले. हा फरक त्या वेळी कोणाच्या फारसा ध्यानी आला नाही.

लिक्विडला माझा आक्षेप धान्यव्यापाऱ्याचा होता. माल दारात आला की आम्ही पोत्यात परखी खुपसून वानगी काढतो, दाणा दाताखाली फोडतो आणि ओल ओळखतो. गव्हाच्या सरकारी खरेदीत शेकडा १२ पर्यंत ओलावा चालतो. त्यापुढे १४ पर्यंत दर कापला जातो. त्याहून ओला माल घेतच नाहीत. ज्याचे आयुष्य अशा दोन टक्क्यांसाठी हुज्जत घालण्यात गेले, त्याच्या घरात निम्म्याहून अधिक पाणीच असलेली बाटली यावी, हे मला रुचले नाही. "पाणी आपल्या नळाला येते, ते बाटलीतून विकत कशाला?" असे मी बोलून दाखविले. सूनबाईंनी वाद घातला नाही. त्यांनी फक्त विचारले, "मामंजी, मग पावडरीत काय काय असते?"

या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही. जो माल आपण वर्षानुवर्षे घरात आणतो त्याची वानगी आपण कधी काढली नाही, याची लाज वाटली आणि मी माहिती मिळविली. मळ सोडविणारा मूळ पदार्थ दोहोंतही असतो. रसायनशास्त्रात त्याला सर्फॅक्टंट म्हणतात. त्याचे एक टोक पाण्याला धरते व दुसरे तेलाला. म्हणून तो तेलकट मळ कापडावरून उचलून पाण्यात तरंगत ठेवतो. लिक्विडमध्ये हा पदार्थ पाण्यात विरघळविलेला असतो. पावडरीत त्याच्या जोडीला धुण्याचा सोडा असतो, आणि वजन भरून काढण्यास सोडियम सल्फेट किंवा मीठ असते. अगदी हलक्या मालात डोलोमाइटसारख्या दगडाची पूडही मिसळलेली असते. गव्हात काडीकचरा शेकडा पाऊणहून अधिक नको म्हणणारा मी, घरी मात्र दगडाची पूड किलोच्या भावाने आणीत होतो! तात्पर्य, एकात ओल आहे आणि दुसऱ्यात भर आहे. लिक्विडला पाणी लागतेच आणि पावडर मोकळी राहण्यास थोडी भर उपयोगी पडते, म्हणून या दोन्हींस भेसळ म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु केवळ वजन पाहून दोहोंची तुलना करणे हेही व्यापाऱ्यास शोभत नाही.

मग निवड कशावरून करावी? माझ्या मते पहिली कसोटी पाण्याची आहे, आणि ती आपल्यासारख्या डाळी-धान्याच्या व्यापाऱ्यांना नव्याने शिकावी लागत नाही. गिऱ्हाईक तक्रार घेऊन येते, "शेठजी, या वेळची तूरडाळ शिजत नाही." आपण प्रथम विचारतो, "पाणी कोठले घेतले? नळाचे की बोअरचे?" जड पाण्यातील चुना आणि मॅग्नेशियमचे क्षार डाळीला मऊ होऊ देत नाहीत. तेच क्षार धुण्याच्या पाण्यात सर्फॅक्टंटला अडवून त्याची शक्ती खातात. ज्या पाण्यात डाळ शिजत नाही, त्या पाण्यात कपडेही नीट निघत नाहीत, हे ध्यानात ठेवावे. पावडरीतील सोडा, आणि चांगल्या पावडरीत असणारे झिओलाइटसारखे पदार्थ, हे क्षार बाजूला सारतात. म्हणून ज्यांच्या घरी सर्व धुणे बोअरच्या पाण्यावर चालते, त्यांच्या यंत्राला चांगली पावडर अधिक मानवते. राकसकोपच्या नळाचे पाणी मिळत असेल, तर लिक्विडने काम भागते.

दुसरी कसोटी कापड आणि डाग यांची. सुती पांढरे कपडे, माती आणि धूळ यांवर पावडर सरस ठरते. काही चांगल्या पावडरींत ऑक्सिजन सोडणारे विरंजक असते. ते द्रवात टिकत नसल्याने साध्या लिक्विडमध्ये सहसा घालता येत नाही. म्हणून चहाचे डाग व कळकट पांढरे कपडे यांसाठी तसली पावडर घ्यावी. उलट तेला-तुपाचा डाग, गळपट्टीवरील चिकट मळ, गडद रंगाचे कपडे आणि थंड पाणी असेल, तेथे लिक्विडचा वरचष्मा आहे. ते डागावर थेट लावता येते, आणि काळ्या कपड्यांवर न विरघळलेल्या पावडरीचे पांढरे ठिपके राहतात तसे त्याचे राहत नाहीत. हळदीचा डाग पावडरीच्या पाण्यात लाल होतो, हे प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. तो सोड्याचा गुण आहे. डाग घाबरून घासत बसू नये. धुऊन उन्हात घालावा, म्हणजे तो फिका पडतो. रेशीम व लोकर यांना मात्र सोडा बाधतो, आणि डाग काढण्यासाठी घातलेली काही एन्झाइमेही बाधतात. पैठणी किंवा पूजेचे रेशमी वस्त्र यांना पावडरही नको आणि नेहमीचे लिक्विडही नको. तेथे आईचे रिठेच बरे, नाहीतर लोकरी-रेशमी कपड्यांसाठी म्हणून मिळणारे सौम्य लिक्विड.

येथे पावसाळ्याचाही विचार करावा लागतो. बेळगावच्या पावसात उघड्या पिशवीतील पावडर ओल धरते आणि तिचे खडे होतात. पावडर घ्यावयाची असेल तर महिन्यापुरती घ्यावी आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी. धान्याला जी काळजी आपण घेतो, तीच तिलाही लागते.

आता तिसरी कसोटी. ती हाताची. या लेखाचे खरे कारण तीच आहे.

एका हिवाळ्यात सकाळी माझी पत्नी जपास बसली असता माझे सहज लक्ष गेले. जपमाळ पाटावर तशीच ठेवलेली होती आणि ती बोटांच्या पेरांवर मोजीत होती. माळ तुटली काय, म्हणून विचारले. ती म्हणाली, "माळ धड आहे. मणी भेगांत लागतात." मी हात पुढे करावयास सांगितले. बोटांची टोके चिरलेली होती आणि तळव्याची कातडी कोरड्या शेतासारखी उललेली होती. हे किती दिवसांचे, असे विचारता तिने आठवून सांगितले, की दर हिवाळ्यात होते. तूप लावले की जरा बरे वाटते.

त्वचारोगाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी खाण्यापिण्याविषयी दोनच प्रश्न विचारले, आणि मग म्हणाले, "धुणे कशाने धुता?" सोड्याचे तीव्र पाणी कातडीवरचे नैसर्गिक तेल धुऊन नेते, आणि रोज तेच घडत राहिले तर कातडी सावरू शकत नाही, असे त्यांनी समजावून सांगितले. मलम दिले, पाण्यात हात घालताना रबरी हातमोजे आणि आत सुती मोजे घालण्यास सांगितले, आणि हातानेच धुवावयाचे असेल तर सोडा नसलेले सौम्य लिक्विड बेताने वापरण्यास सांगितले. लिक्विड सर्वस्वी निर्दोष आहे, असे मात्र ते म्हणाले नाहीत. सर्फॅक्टंट तेथेही आहे, आणि काहींना त्यातील सुगंधाचाही त्रास होतो. परंतु सोड्याचा भार त्यात नसल्याने कातडीला ते तुलनेने सोसते. काही महिन्यांत भेगा भरून आल्या. जपमाळ पुन्हा हाती आली.

त्या रात्री मी हिशेब मांडला. स्वस्त सुट्या पावडरीने महिन्याकाठी माझे काही रुपये वाचत होते, ही गोष्ट खरी. परंतु माझ्या पांढऱ्या सदऱ्यांची उरलेली किंमत चाळीस वर्षे दुसरेच कोणी भरीत होते, आणि माझ्या खतावणीत त्याची नोंद नव्हती. ज्या खात्यात खर्चाची अर्धी बाजू लिहिलेलीच नाही, त्या खात्याची शिल्लक कोणता व्यापारी मान्य करील?

हा विषय माझ्या घरापुरता असता तर मी तो छापावयास दिला नसता. परंतु त्यानंतर मी आप्तस्वकीयांच्या आणि आपल्या काही सभासद बंधूंच्या घरी जरा लक्ष देऊन पाहू लागलो. बहुतेक ठिकाणी आमच्याच घरचा प्रकार दिसला. कपाटात यंत्रासाठी सुगंधी लिक्विडची बाटली, आणि न्हाणीघरात धुणेवाल्या बाईसाठी सर्वांत हलकी सुटी पावडर. ती बाई चार-पाच घरांची धुणी करते. आपल्या घरी तिचा अर्धा तास जातो म्हणून आपणास काही वाटत नाही. परंतु तिचे हात सकाळपासून दुपारपर्यंत त्याच पाण्यात असतात. यंत्राला कातडी नाही. पोलादी पिंपाला सोड्याने भेगा पडत नाहीत. फेस बेताचा करणारी योग्य पावडर यंत्राला उत्तम चालते, आणि जड पाण्यात तर लिक्विडहून बरी चालते. ज्याला सौम्य वस्तूची गरज नाही त्याला ती मिळावी, आणि जिला गरज आहे तिला तीव्र मिळावी, ही वाटणी उलटी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

यावर दोन आक्षेप मी ऐकले आहेत. पहिला असा, की बाईच्या हाती लिक्विड दिले तर ती भसाभस ओतते. या आक्षेपाची परीक्षा मी प्रथम घरीच केली. आमच्या यंत्राचे एक लिटर लिक्विड बाटलीवर छापलेल्या मापाप्रमाणे २० धुण्यांना पुरावयास हवे होते; ते १० धुण्यांत संपे. कारण झाकणाच्या आतील रेघेपर्यंत न घेता ते काठोकाठ भरून ओतले जाई, आणि ओतणारे सुशिक्षित होते! दोष बाईचा नाही, मापाचा आहे. लहान मापटे डब्यात ठेवावे आणि सर्वांनीच ते वापरावे.

दुसरा आक्षेप खर्चाचा. येथे किलो आणि लिटर यांची तुलना सोडून दर धुण्याचा खर्च काढावा. उदाहरणार्थ, समजा पावडर १२० रुपये किलो आहे आणि एका धुण्यास ८० ग्रॅम लागते; तर धुण्यास ९ रुपये ६० पैसे पडले. लिक्विडची पिशवी समजा १६० रुपये लिटर आहे आणि ५० मिलिलिटर लागते; तर ८ रुपये पडले. तेच लिक्विड दुप्पट ओतले तर १६ रुपये होतात. हे आकडे केवळ हिशेबाची रीत दाखविण्यासाठी घेतले आहेत. आपापल्या वेष्टनावरचा भाव आणि माप घालून प्रत्येकाने हिशेब करावा. कित्येकदा महाग वाटलेली वस्तू स्वस्त, आणि स्वस्त वाटलेली महाग निघेल. सुट्या पावडरीवर मात्र मापही छापलेले नसते आणि घटकही नसतात. तेव्हा तिचा हिशेब करताच येत नाही, हा तिचा सर्वांत मोठा दोष होय.

फेसाविषयी दोन शब्द लिहिणे अगत्याचे आहे. फेस म्हणजे स्वच्छता नव्हे. अधिक पावडर किंवा अधिक लिक्विड घातल्याने फेस वाढतो. तो काढण्यास आणखी एक-दोन बादल्या पाणी जाते, आणि पुरते न निघाल्यास कपड्यात राहून अंगाला खाजवते. पाणी तुपासारखे वापरावे, असे आपल्या घरांतून वडीलधारी माणसे सांगत आली आहेत. पाणी गाळून घेणाऱ्या आपल्या समाजाने ते फेस काढण्यात वाया घालवावे, हे आपल्या आचाराशी सुसंगत नाही. चरबीविषयी काही भगिनी विचारतात. पावडर आणि लिक्विड या दोहोंतील मुख्य पदार्थ बहुधा खनिज तेलापासून बनतो, साबणाप्रमाणे चरबी वा तेल यांपासून नव्हे. तथापि शंका असेल तर वेष्टन वाचून, आणि तेवढ्याने समाधान न झाल्यास उत्पादकास पत्र पाठवून, खात्री करून घ्यावी.

शेवटी, किराणा दुकानदार सभासद बंधूंस एक नम्र सूचना करतो. गिऱ्हाईक "कोणते देऊ?" या प्रश्नाचे उत्तर आपल्यावर सोपवते, तेव्हा ज्यात सुटाव अधिक ते पुढे करण्याचा मोह होतो. तो आवरून तीन प्रश्न विचारावेत. पाणी कोठले? कापड कोणते? आणि धुणार कोण, हात की यंत्र? जड पाणी, सुती कापड आणि यंत्र असेल तर नाव छापलेली चांगली पावडर द्यावी. मऊ पाणी, रंगीत कापड, तेलकट मळ असेल तर लिक्विड द्यावे. आणि हाताने धुवावयाचे असेल तर पाणी कसलेही असो, सौम्य लिक्विड आणि त्यासोबत रबरी हातमोज्यांचा एक जोड दाखवावा. मोजे आज विकत घेतले नाहीत तरी चालेल. गिऱ्हाईक तो सल्ला विसरणार नाही. पेढीची पत अशा सल्ल्यावरच टिकते, हे वडिलांनी मला शिकविले.

आमच्या घरी आता खाती बदलली आहेत. माझे धुळकट सदरे झटकून यंत्रात जातात, आणि यंत्राला पावडर मिळते. दगडावर जे थोडे उरते, त्यासाठी लिक्विड, मापटे आणि खुंटीला अडकविलेले दोन हातमोजे आहेत. एक जोड पत्नीचा, एक जोड धुणेवाल्या बाईचा. सुट्या पावडरीची पिशवी मी पुन्हा आणली नाही.

आपणही घरी जाऊन एकदा पाहावे, एवढी विनंती करून सर्व बंधुभगिनींना सविनय जय जिनेंद्र करतो.